हात काळे करणारी गाडी: आतल्या प्लास्टिकच्या सुटलेल्या थराचं एक प्रकरण

गाडी माझ्याकडे आली तेव्हा ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीला टॉवेलची पट्टी गुंडाळलेली होती. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेनऊ, आणि सोलापूरच्या होटगी रोडवर तेव्हाच डोळे दिपवणारं ऊन. काका उतरले आणि उजव्या हाताची चार बोटं माझ्यासमोर धरली. पेरांवर काजळ लावल्यासारखे डाग.

"हे बघा. लग्नाला जायचं म्हणून पांढरा सदरा घातला. मंडपात पोचेपर्यंत खिशावर पाचही बोटं उमटलेली. गाडी आहे का शाईची दौत?"

काका निवृत्त मुख्याध्यापक. राहायला जुळे सोलापुरात. गाडी परदेशी कंपनीची डिझेल सेडान, २०११ चं मॉडेल, पासिंग एमएच ०२ म्हणजे मुंबईचं. २०१९ साली त्यांनी ती भाच्याकडून घेतली. इंजिन उत्तम, गिअर लोण्यासारखे. घराला शेड नाही, त्यामुळे गाडी रस्त्यावर, पश्चिमेकडं तोंड करून उभी. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट काचेतून आत.

माझं काम सीट कव्हर, हेडलायनर, दारांची पॅडं, म्हणजे गाडीच्या आतलं सगळं. चिकट झालेल्या प्लास्टिकच्या गाड्या वर्षाला चार-पाच तरी येतात. या गाडीची नोंद सविस्तर लिहितोय, कारण या एकाच गाडीत करू नये ते जवळपास सगळं आधीच करून झालं होतं, आणि उरलेलं एक आमच्या दुकानात झालं.

आधी काय काय झालं होतं

काकांनी वहीत तारखांसकट लिहून ठेवलं होतं. शिक्षकाची सवय. पहिला चिकटपणा २०२१ च्या पावसाळ्यात मुठीला जाणवला. मळ असेल म्हणून साबणाच्या पाण्यानं पुसलं. दोन दिवस बरं वाटलं. मग घरातल्यांनी सुचवलं म्हणून टाल्कम पावडर चोळली. चिकटपणा गेला, पण पावडर आणि चिकट मिळून करडा लगदा झाला आणि प्लास्टिकच्या बारीक दाण्यांमध्ये जाऊन बसला. मग लिंबू आणि खायचा सोडा. मग चमक येण्यासाठी मिळतं ते डॅशबोर्ड पॉलिश, महिनाभर दर रविवारी. दरम्यान नातवाला एक खेळ सापडला होता: शेजारच्या सीटवर बसायचं आणि हातमोज्यांच्या खणाच्या (ग्लोव्ह बॉक्सच्या) झाकणावरची पापुद्री नखानं ओढायची. लांबच्या लांब निघते म्हणे, उन्हानं सोललेल्या पाठीसारखी.

शेवटी एका रंगाऱ्यानं एसीच्या जाळ्यांभोवतीच्या कडेवर काळा स्प्रे मारून दिला. पहिल्या दिवशी नव्यासारखं दिसलं. दोन महिन्यांत त्याला भाजलेल्या पापडासारखे फोड आणि सुरकुत्या आल्या.

या यादीतला प्रत्येक उपाय एकाच समजुतीतून आलेला आहे: प्लास्टिकवर काहीतरी बसलंय, ते काढायचं किंवा झाकायचं. वर काहीच बसलेलं नव्हतं. चिकटत होता तो कारखान्यातच दिलेला थर. त्याला कितीही स्वच्छ करा, तो स्वच्छ होणार नाही, कारण मळ तो स्वतःच झालेला असतो.

हा थर असतो तरी काय

त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत कडक, स्वस्त प्लास्टिकला हाताला मऊ लागावं म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा मखमली रंग मारलेला असे. बाजारात त्याला सॉफ्ट-टच म्हणतात. जाडी साधारण ३० ते ४० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. हात लावला की रबरासारखा, डोळ्यांना मॅट, आणि साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या रेषा-डाग त्याच्याखाली झाकले जातात. शोरूममध्ये गाडी विकायला छान. दहा वर्षांनी काय होईल हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारत नाही.

या थरातल्या साखळ्यांमध्ये एस्टर नावाचे दुवे असतात. पाण्याचा अंश मिळाला की ते तुटतात. शास्त्रात याला जलविघटन म्हणतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे दुवे आणखी लवकर तोडतं. म्हणून सुरुवातीला वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि एकदा सुरू झालं की एका पावसाळ्यात सगळं हाताला येतं. कपाटात जपून ठेवलेले स्पोर्ट्स शूज चार-पाच वर्षांनी घातले आणि रस्त्यातच तळ भुगा होऊन पडला, असं अनेकांचं झालं असेल. जात तीच. जुन्या दुर्बिणी, कॅमेऱ्यांच्या मुठी, काही लॅपटॉपची झाकणं चिकटतात तीही बऱ्याचदा याच कारणानं.

काकांनी लगेच अडवलं. "पाण्यानं होतं म्हणता, मग सोलापुरात कसं? इथं आठ महिने हवेत पाणी कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर गाडीच्या नंबरात होतं. पहिली आठ वर्षं ती मुंबईत, समुद्राच्या हवेत होती. दुव्यांची तूटफूट तिथंच सुरू झाली असणार. सोलापुरानं त्याला आच दिली. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा बंद गाडीतला डॅशबोर्ड सत्तरच्याही पुढं तापतो, आणि उष्णतेनं अशी कुठलीही क्रिया वेग घेते. त्यात घाम आणि हाताचं तेल. २०२० नंतर त्यात सॅनिटायझरची भर पडली. हात ओले असतानाच दार ओढायचं, म्हणजे आधीच कमकुवत झालेल्या थरावर रोज अल्कोहोलचा हात फिरवायचा.

हे नुसतं पुस्तकी नव्हतं, गाडीच सांगत होती. मी प्रत्येक भागावर बोट दाबून, उचलून पाहिलं. ड्रायव्हरच्या दाराची मूठ आणि काचांच्या बटणांची पट्टी सगळ्यात वाईट, तिथं थर पार वितळल्यासारखा. त्याखालोखाल पुढचं डावं दार. मागची दारं कमी वापरात, तिथं फक्त किंचित ओढ. हातमोज्यांच्या खणाचं झाकण काच जवळ असूनही चिकट नव्हतं, नुसतं सोलत होतं, कारण त्याला नातवाच्या नखाशिवाय कुणी हात लावत नव्हतं. म्हणजे जिथं हात, तिथं चिकट, आणि जिथं नुसतं ऊन, तिथं पापुद्रा. पण याला आणखी एक कारण होतं, ते भाग उलटे केल्यावर कळलं.

आधी उलटं करून बघा

आमच्याकडे अण्णा आहेत. साठीचे, मूळचे अशोक चौकाकडच्या विणकर घरातले, आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेलं. ते नेहमी म्हणतात, माणूस समोरून ओळखायचा आणि प्लास्टिक पाठीमागून. गाडीच्या बहुतेक प्लास्टिकच्या भागांवर मागच्या बाजूला, बाणाच्या टोकांसारख्या दोन खुणांमध्ये, त्या प्लास्टिकचं नाव उठवलेलं असतं. आयएसओ ११४६९ या मानकानुसार. एबीएस, पीपी, पीसी अधिक एबीएस, पीपी-टी२० वगैरे. टी२० म्हणजे २० टक्के टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन.

हे वाचल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी हट्टी असतं, बहुतेक सॉल्व्हंट (विरघळवणारे द्रव) त्याचं चटकन काही वाकडं करत नाहीत. एबीएस उलट हळवं. अ‍ॅसिटोननं ते विरघळतं, आणि आपल्याकडे रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या एनसी थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन आणि त्यांचीच भावंडं असतात. पॉलिकार्बोनेट म्हणजे पीसीही तितकंच नाजूक.

काहींचा भरवसा पाण्याच्या परीक्षेवर असतो: तुकडा बादलीत टाका, तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. शुद्ध पीपीसाठी हे खरं आहे. पण त्यात २० टक्के टाल्क घातलं की तेही बुडतं. अण्णांनी काकांना हे करून दाखवलं, आणि मास्तरांना आपल्याच वर्गात विद्यार्थी होऊन बसल्याचा भारी आनंद झाला.

या गाडीत निघालं ते असं. खणाचं झाकण आणि दारांच्या मुठी पीपी-टी२०. बटणांच्या पट्ट्या आणि एसीच्या जाळ्यांच्या कडा एबीएस. मधल्या रेडिओची बटणं पीसी. आणि वरचा डॅशबोर्ड मुळात रंगवलेलाच नव्हता, फोमवर चढवलेली कातडी होती ती. त्याला काहीच झालं नव्हतं आणि त्याला काहीच करायचं नव्हतं. असं असलं की गिऱ्हाईक म्हणतं, "आलोच आहे तर त्यालाही एक हात मारा." मारू नका.

पापुद्र्याचा उलगडाही इथंच झाला. एबीएसवर रंग मारला की रंगातला सॉल्व्हंट प्लास्टिकला किंचित चावतो आणि थर मुळं धरतो. पीपीवर रंग सहज धरत नाही. कारखान्यात त्याला ज्योत फिरवून किंवा खास प्रायमर देऊन तयार करावं लागतं. ती पकड वय झाल्यावर सुटते. म्हणून खणाचं झाकण कांद्यासारखं सोलत होतं, आणि पट्टीवरचा थर गुळाच्या पाकासारखा धरून बसला होता. मुठी पीपीच्याच, पण रोजच्या घामानं तिथला थर सोलायच्या आधीच विरघळून गेला होता.

एक तपासणी सगळ्यात आधी करायची असते. फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, ज्याला मोबाइलवाले नुसतं आयपीए म्हणतात, आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात मिनिटभर धरायचं. काळं निघालं, खाली गुळगुळीत कडक प्लास्टिक लागलं आणि काळं निघणं थांबलं, तर तो थर आहे, काढता येईल. काळं निघतच राहिलं, थांबेचना, तर तिथं थर नाही, तिथला भागच मऊ रबराचा आहे आणि तोच कुजतोय. त्याला खरवडत बसलात तर भाग संपेल पण चिकटपणा संपणार नाही. काकांच्या हँडब्रेकच्या मुठीचं तेच होतं. ती आम्ही सोडून दिली आणि तिला चामड्याचं कव्हर शिवलं.

काय काढायचं नाही

काम सुरू करायच्या आधी काकांना कागदावर लिहून दिलं की या जागांना हात लावणार नाही. रेडिओची आणि एसीची बटणं. स्टीअरिंगच्या मधलं एअरबॅगचं झाकण. पायाजवळचा सेन्सरचा भाग.

बटणांचं कारण असं. रात्री चिन्ह उजळतं अशा बटणात खाली पांढरट, प्रकाश जाऊ देणारं प्लास्टिक असतं, त्यावर काळा रंग, आणि लेझरनं तो रंग जाळून पंख्याचं किंवा काचेचं चिन्ह कोरलेलं. थर काढलात की चिन्ह गेलं. काकांनी हे आधीच अनुभवलं होतं. डाव्या काचेचं बटण त्यांनी लिंबू-सोड्याच्या दिवसांत घासून पांढरं केलं होतं, आणि रात्री ते पूर्णच्या पूर्ण दिव्यासारखं पेटायचं. "अक्कलकोटहून रात्री येताना डोळ्यात जातं," म्हणाले. बटणं चिकट असली तर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं हळू पुसायची, आणि फारच वाईट असतील तर बदलायची. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

एअरबॅगच्या झाकणाबद्दल वाद घालायला मी तयार नसतो. ते ठरलेल्या रेषेवर फाटायला बनवलेलं असतं. त्याला सॉल्व्हंट, उष्णता, वरून रंग, काहीही नको.

काम

सुरुवात सकाळी साडेसहाला, दुकानामागच्या कडुलिंबाच्या सावलीत. ही हौस नव्हती. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या आसपास, म्हणजे साध्या थंडीतसुद्धा त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. बंद शटरमागे, शेजारी चहाची शेगडी, आणि कोपऱ्यात ग्राइंडर चालू, असं काम मी पाहिलंय. आम्ही उघड्यावर, नायट्राइलचे हातमोजे घालून आणि बिडी ओढणाऱ्याला रस्त्याच्या पलीकडे पाठवून करतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढायच्या आधी मी काकांना विचारलं, रेडिओचा कोड आहे का? त्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी सुटली की रेडिओ चोरीच्या भीतीनं कुलूप लावून बसतो. काकांच्या फाइलमध्ये कोड होता. अर्थातच. तार काढून दहा मिनिटं थांबलो, मग दारांची पॅडं सोडवली. प्लास्टिकची पाचर वापरली, टेस्टर नाही. जुन्या क्लिपा सकाळच्या गारव्यात कडक असतात. घाई केली की कट्‌ आवाज येतो आणि तो आवाज खर्चाचा असतो. प्रत्येक स्क्रूचा फोटो काढला. दाराच्या आतला पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा न फाडता बाजूला केला. तो फाटला की पावसात गाडीच्या फरशीत पाणी येतं, आणि मग लोक महिनाभर गळती शोधत बसतात.

आधी सगळे भाग भांड्यांच्या साबणानं धुतले, कारण रविवारच्या पॉलिशमधलं सिलिकॉन गेलं पाहिजे. ते राहिलं आणि पुढं कुठं रंग मारायची वेळ आली, तर रंग त्यावरून पळतो आणि गोल खड्डे पडतात. रंगारी त्याला फिशआय म्हणतात.

मग खरं काम. आयपीए सोलापूरच्या कोरड्या उन्हात फडक्यावरून बघता बघता उडून जातं, थर मऊ व्हायच्या आतच. मुंबईचा एखादा कारागीर सांगेल की नुसतं पुसत राहा. इथं तसं चालत नाही. आम्ही टॉवेलचा तुकडा आयपीएत भिजवून भागावर पसरतो, वर पॉलिथिन गुंडाळतो आणि १०-१५ मिनिटं ठेवतो. टॉवेलबद्दल मात्र सोलापूरची मजा आहे. चादरी आणि टॉवेलचं हे गाव. कारखान्यांमधून वजनावर मिळणाऱ्या टेरीच्या चिंध्यांइतकं चांगलं फडकं या कामाला दुसरं नाही. त्यांचे फासे चिकट उचलून स्वतःत धरून ठेवतात. बनियनचं वेस्ट नुसतं पसरवत राहतं.

पॉलिथिन काढलं की थर ओल्या वर्तमानपत्रासारखा झालेला असतो. जुन्या एटीएम कार्डानं तो ढकलत काढायचा. लोखंडी पातं नाही. खाचांमध्ये टूथब्रश, अगदी कोपऱ्यात आइस्क्रीमची काडी. एका मुठीला तीन वेळा भिजवावं लागलं. खणाचं झाकण मात्र अर्ध्या तासात झालं. कडेपासून कार्ड घातलं आणि थर चादरीसारखा उचलत गेला. काकांनी तो आख्खा पापुद्रा नातवासाठी वहीत ठेवला. ड्रायव्हरच्या दाराच्या पट्टीला दीड दिवस. एकूण दोन लिटर आयपीए आणि चार किलो चिंध्या.

काकांनी विचारलं होतं की कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवलं तर? पीपीच्या बाबतीत ते काम करतं, काही लोक करतातही. एस्टरचे दुवे अल्कलीनंही तुटतात. पण डोळ्यात उडालं तर डोळा जातो, आणि भागाला कुठं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा रिव्हेट असेल तर ते खाऊन टाकतं. माझ्या दुकानात शाळेतून नुकतंच आलेलं पोरगं काम करतं. मी कॉस्टिक आणत नाही.

त्याच पोराची गोष्ट

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेलो. एसीच्या चार कडांपैकी तीन झाल्या होत्या, चौथीवर त्या रंगाऱ्याचा स्प्रे होता आणि तो आयपीएला दाद देत नव्हता. पोरगं कंटाळलं. मागच्या कपाटातली एनसी थिनरची बाटली काढली आणि एक फडकं फिरवलं. स्प्रे लगेच निघाला. थरही निघाला. मग खालचं एबीएसही निघायला लागलं.

मी आलो तेव्हा कडेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, पोलीस चौकीत घेतात तसा, रेषांसकट, आणि आजूबाजूला पांढरट धुकं. "अबे, थिनर का घेतलास बे?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. बाटली कपाटात उघडी ठेवली होती मीच, आणि तिच्यावर एबीएसला लावू नको असं कुठं लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलंय, लाल पेनानं, मराठीत आणि अण्णांच्या हातानं तेलुगूत.

कड वाचवता आली. २४ तास तशीच ठेवली, म्हणजे आत शिरलेला सॉल्व्हंट उडून गेला. लगेच घासलं असतं तर मऊ पृष्ठभाग आणखी ओढला गेला असता. मग ४०० च्या वॉटर पेपरपासून १००० पर्यंत ओलं घासलं, प्लास्टिक प्रायमर, आणि सॅटिन (कमी चमकीच्या) काळ्याचे दोन पातळ हात. तिच्यासारखंच दिसावं म्हणून बाकीच्या तिन्ही कडाही रंगवाव्या लागल्या. तो खर्च दुकानाचा.

दुसरं नुकसान दोन दिवस उशिरा कळलं. ड्रायव्हरच्या पट्टीची एक क्लिपची टांग चिरली. भिजवताना आम्ही ती पट्टी साच्यात अडकवून, ताण देऊन ठेवली होती, सोयीचं म्हणून. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ताणाखाली असताना सॉल्व्हंट लागलं तर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि भाग नंतर, विनाकारण वाटावं असा, तुटतो. एरवी आयपीएनं एबीएसला काही होत नाही असं आपण बिनधास्त म्हणतो. सैल ठेवलेल्या भागाबाबत ते खरं आहे. वाकवलेल्या, पिळलेल्या, क्लिपमध्ये अडकलेल्या भागाबाबत नाही. टांग मागून पट्टी लावून चिकटवली, आणि तेव्हापासून भाग टेबलावर मोकळे पडलेले असतात.

खाली काय निघालं

खाली काळं, किंचित चमकदार, थोडं स्वस्त दिसणारं प्लास्टिक निघालं. पट्टीवर साच्यात प्लास्टिक वाहिल्याच्या लाटांसारख्या रेषा. कारखान्यानं थर दिला होता तो याच लपवायला. काकांचा चेहरा थोडा पडला. बहुतेक गिऱ्हाइकांचा इथं पडतो, आणि इथंच ते म्हणतात, "त्यावर पुन्हा तेच मऊ मारता येईल का?"

येईल. पण पुन्हा तेच दहा वर्षांचं चक्र, आणि घरगुती मारलेल्या थराची पकड कारखान्याइतकी नसते. माझं मत स्पष्ट आहे: पीपी उघडंच ठेवा. त्यावर रंग टिकायला पकड देणारा खास प्रायमर लागतो आणि तरी मूठ ही रोज ओढायची वस्तू आहे. एबीएसला रंग चांगला धरतो, तिथं सॅटिन मारायला हरकत नाही. चमक कमी हवी असेल तर मेलामाइनचा पांढरा स्पंज हलक्या हातानं फिरवला की पीपी बऱ्यापैकी मॅट दिसतं. तो स्पंज म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच असतो, त्यामुळे हलक्याच हातानं.

काकांनी मुठी आणि झाकण उघडं ठेवलं. दारांच्या पट्ट्यांवर सॅटिन काळं. मधल्या पॅनेलला त्यांना लाकडी डिझाइनचं विनाइल हवं होतं. मला नको होतं. गाडी त्यांची होती, आम्ही चिकटवलं.

पेटणाऱ्या बटणाचं आम्ही काही केलं नाही. नवा संच आणायचा तर गाडी जुनी, भाग मागवावा लागणार. काकांनी किंमत ऐकली आणि बटणावर काळ्या टेपचा एक नीट कापलेला चौकोन लावला.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये काका पासिंगचे कागद दाखवायच्या निमित्तानं आले. मुठी कोरड्या, सदरा पांढरा. झाकणावर दुपारच्या उन्हाची चमक येते, ती त्यांना खटकते, पण गाडीत बसून थोडं लांबून बघितलं की चालतं म्हणाले. ड्रायव्हरच्या पट्टीच्या कडेला, अंगठीचा हात काचेच्या बटणाकडे जातो तिथं, सॅटिनला नखाएवढा ओरखडा पडलाय. चिकटवलेली टांग टिकून आहे. कडांचा रंग बरा आहे, मात्र पोरानं थिनर लावलेली कड जवळून पाहिली तर बाकी तीनपेक्षा किंचित सपाट दिसते. हे मला आणि त्यालाच दिसतं.

मागच्या दोन दारांना आम्ही एप्रिलमध्ये हात लावला नव्हता. काकांचं बजेट संपलं होतं आणि तिथला थर तेव्हा धरून होता. आता उजव्या मागच्या दाराची मूठ बोटाला ओढायला लागली आहे. मी तिथं आयपीएचं फडकं मिनिटभर धरलं, काळं निघालं आणि थांबलं.

"दिवाळी होऊ द्या काका, मग आणा," म्हटलं. तोवर त्या मुठीला टॉवेलची पट्टी आहे.